काडीमोड, फारखत आणि घटस्फोट : परस्परसंमतीच्या विवाहविच्छेदाचा पूर्ववृत्तांत

विवाहबंधन कायदेशीर रीतीनें तुटलें म्हणजे 'घटस्फोट' झाला असें आज आपण सहज म्हणतों. परंतु या अर्थीं हा शब्द मराठींत जुना नाहीं. धर्मशास्त्राच्या परिभाषेंत घटस्फोट म्हणजे पतित मनुष्य जिवंत असतांच तो मेला असें समजून, त्याच्या नांवानें पाण्याचा घट लवंडून वा फोडून, त्यास ज्ञातीबाहेर टाकण्याचा विधि होय. नवराबायकोंच्या वेगळें होण्यास हा शब्द कसा लागला याविषयीं आमचा तर्क असा कीं, इंग्रजी शिकलेल्या वर्गास या गोष्टीसाठीं एक संस्कृत शब्द हवा होता. आणि त्या वर्गाच्या स्वतःच्या घरांत ही गोष्ट घडतच नसल्यामुळें तिच्या जवळचें दृश्य म्हणून त्यास बहिष्काराचेंच आठवलें. खेड्यापाड्यांतील लोकांजवळ मात्र या गोष्टीला शब्द होते आणि ते एकाहून अधिक होते : काडीमोड, सोडचिठ्ठी, फारखत. त्यांत पतनाचा किंवा मरणाचा वास नाहीं. काडी मोडली, चिठ्ठी दिली, हिशेब फिटला, एवढेंच ते शब्द सांगतात.

हिंदूंच्या विवाहविषयक कायद्यांत दोघांच्या संमतीनें विवाहविच्छेद करून घेण्याची सोय १९७६ सालीं आली. त्यावरून अशी सर्वसाधारण समजूत झालेली दिसते कीं, ही कल्पना पाश्चात्य असून आपल्या समाजास ती नवी आहे. समजुतीचा हा पाया आम्हांस कच्चा वाटतो. महाराष्ट्रांतील बहुसंख्य जातींत नवराबायको राजी असल्यास थोड्या वेळांत व थोड्या खर्चांत वेगळीं होऊं शकत होतीं. ती वाट पुढें कशी अरुंद झाली, हें दाखविणें हा या लेखाचा एक हेतु. परंतु दुसरा हेतु आम्हांस अधिक महत्त्वाचा वाटतो. जुन्या रीतींत 'राजी' कोण असे, नवरा, बायको, कीं पंच ? हा प्रश्न न विचारतां जुन्या फारखतीचें कौतुक करणें म्हणजे कागदावरचा मायना हाच इतिहास असें मानणें होय. राजवाड्यांनीं विवाहसंस्थेच्या उगमाचा शोध मोठ्या हौसेनें घेतला. ती मोडण्याच्या रीतींकडे त्या मानानें संशोधकांचें लक्ष कमीच गेलें आहे.

प्रथम फारखत हा शब्द घेऊं. बोलींत त्याचें फारकत झालें असून तेंच रूप आज अधिक ऐकूं येतें. मुळांत तो अरबी 'फारिग' म्हणजे मोकळा आणि 'खत' म्हणजे लेख यांच्या जोडीपासून आलेला आहे. ऋणकोनें कर्ज फेडलें म्हणजे धनको त्यास फारखत लिहून देई. भाऊ वांटण्या करून विभक्त झाले म्हणजे एकमेकांवर दावा राहिला नाहीं अशी फारखत होई. आणि नवऱ्यानें बायकोस मोकळी केली म्हणजे त्या लेखासही फारखतच म्हणत. एका शब्दाचे हे तीन उपयोग योगायोगाचे नव्हेत. कर्ज, भाऊबंदकी आणि लग्न या तिहींत देणेंघेणें असतें, तें मिटलें कीं माणसें मोकळीं होतात, अशी या शब्दामागची दृष्टि आहे. विवाह हा संस्कार असून तो जन्मजन्मांतरीं सुटत नाहीं हा सिद्धांत ज्या घरांत मान्य होता त्या घरांत ही दृष्टि शिरली नाहीं. पण असलीं घरें समाजांत किती होतीं याचा विचार वाचकांनीं करावा.

रीत साधारणतः अशी असे. उभयतांचें पटत नाहीं असें ठरलें म्हणजे प्रकरण जातीच्या पंचांपुढें येई. मुलीकडील व मुलाकडील वडील माणसें बसत. लग्नांत कोणाचा काय खर्च झाला, अंगावर दागिना काय घातला, मुलें कोणाकडे राहावयाचीं, हें बोललें जाई. बहुधा बायकोनें नवऱ्याकडील डागिने परत द्यावयाचे, आणि ती दुसरा घरोबा करणार असल्यास नव्या नवऱ्यानें पहिल्याचा लग्नखर्च भरून द्यावयाचा. तें पटलें म्हणजे गवताची काडी पंचांसमक्ष मोडून दोन तुकडे करीत. लिहिणारा मिळाला तर कागदही होई. नंतर ती स्त्री पाट लावण्यास मोकळी होई. पाटास मोहतूर असेंही म्हणत, आणि प्रथम लग्नाचा थाट त्यास नसे. सरकारास या गोष्टीचें वावडें नव्हतें. मराठेशाहीच्या करांच्या याद्यांत प्रथम लग्नावरील 'लग्नटका' जसा आढळतो तसा पाटावरील 'पाटदाम'ही आढळतो. ज्या गोष्टीवर सरकार कर बसवितें ती गोष्ट सरकारास ठाऊक असते आणि मान्यही असते, एवढें अनुमान तरी त्यावरून निघतें.

येथपर्यंत चित्र सोपें आणि स्वस्त दिसतें. आतां कागदाकडे पाहूं. अशा लेखांची धाटणी बहुधा ठराविक असते : नवरा बायकोच्या नांवें लिहून देतो कीं, तुझें माझें पटत नाहीं, सबब राजीखुशीनें तुला मोकळी केली आहे, आजपासून तुजवर माझा दावा नाहीं, तूं वाटेल तेथें पाट लावावा. लिहून देणारा नवरा आहे आणि घेणारी बायको आहे, ही गोष्ट नजरेआड करूं नये. मोकळें करणारा एक आणि मोकळें होणारी दुसरी. राजी असल्याची ग्वाही लेखणी धरणाऱ्याची किंवा निशाणी करणाऱ्याची आहे. बायको राजी होती कीं तिला घालवून दिलें होतें हें त्या मायन्यावरून कळत नाहीं. तिनेंच आग्रह धरून, माहेरच्या बळावर नवऱ्याकडून कागद काढून घेतला असेल तर तेंही कळत नाहीं. 'राजीखुशीनें' हा शब्द विक्रीखतांत, गहाणखतांत, सर्वत्र येतो. सावकाराच्या दारांत बसून शेत लिहून देणारा कुणबीही राजीखुशीनेंच देत असतो!

तरी सगळेच कागद मुके नसतात. परत द्यावयाच्या रकमेचा आंकडा, मुलांविषयींचें कलम आणि साक्षीदारांत बायकोच्या माहेरचें कोणी आहे कीं नाहीं, या तीन गोष्टींवरून बरेंच अनुमान करतां येतें असें आम्हांस वाटतें. माहेरची साक्ष असलेली फारखत आणि केवळ नवऱ्याच्या भाऊबंदांच्या साक्षीची फारखत, यांचें वजन सारखें धरतां येत नाहीं.

शास्त्राचें म्हणणें काय होतें ? मनूचें मत प्रसिद्ध आहे : विकून किंवा टाकून दिल्यानें भार्या पतीपासून सुटत नाहीं. पराशर व नारद यांनीं पांच आपत्तींत स्त्रीस दुसरा पति सांगितला असून, पुनर्विवाहाच्या वादांत गेल्याच्या आदल्या शतकांत त्यांचा फार खल झाला. परंतु त्या आपत्ति पतीच्या नाहींसें होण्याच्या, मरण्याच्या किंवा दोषाच्या आहेत. दोघांच्या संमतीचा तेथें प्रश्नच नाहीं. तो प्रश्न स्पष्टपणें घेतलेला आढळतो तो कौटिल्याच्या अर्थशास्त्रांत. त्याच्या मतें नवऱ्याचा द्वेष करणाऱ्या बायकोची नवऱ्याच्या इच्छेविरुद्ध सुटका नाहीं, तशीच नवऱ्याचीही बायकोच्या इच्छेविरुद्ध नाहीं. मात्र द्वेष परस्परांचा असेल तर दोघांचा मोक्ष होतो. शब्दही मोक्ष हाच आहे. नवऱ्यास बायकोपासून अपकाराची भीति वाटून सुटका हवी असेल तर त्यानें तिच्याकडून घेतलेलें तिला परत द्यावें. बायकोस तशी भीति वाटून सुटका हवी असेल तर तिला मात्र तें परत मिळत नाहीं. आणि धर्म्य समजल्या जाणाऱ्या ब्राह्मादि विवाहांस मोक्ष नाहीं, असेंही तो सांगतो. म्हणजे संस्कार मानणाऱ्या वर्गास एक नियम आणि इतरांस दुसरा, ही वांटणी कौटिल्यापाशींच आहे.

या ग्रंथाची एक गंमत अशी कीं, ज्या काळांत मुंबईच्या हायकोर्टांत काडीमोडीचें भवितव्य ठरत होतें त्या काळांत तो कोणासच उपलब्ध नव्हता. म्हैसूरच्या ग्रंथालयांत शामशास्त्री यांच्या हातीं त्याची पोथी १९०५ सालीं आली व मूळ १९०९ सालीं छापून निघालें. तोंवर न्यायाधीशांपुढें 'हिंदु धर्मशास्त्र' म्हणून जें उभें होतें तें मनु, मिताक्षरा व मयूख यांचें. परस्परद्वेषानें मोक्ष सांगणारा आचार्य त्यांत नव्हता. तो असता तर निकाल फिरले असते असें आम्ही म्हणत नाहीं. पण रूढि ही शास्त्राच्या सर्वस्वी विरुद्ध आहे, असें इतक्या सहज म्हणतां आलें नसतें.

वास्तविक इंग्रजी राज्याचा आरंभ रूढीस अनुकूल होता. एल्फिन्स्टनच्या कारकीर्दीच्या अखेरीस झालेल्या १८२७ च्या चौथ्या रेग्युलेशनाप्रमाणें, पार्लमेंटचा व सरकारचा कायदा नसेल तेथें प्रथम त्या प्रांताची वहिवाट पाहावयाची, ती नसल्यास प्रतिवादीचें शास्त्र, आणि तेंही नसल्यास न्यायबुद्धि. वहिवाट शास्त्राच्या आधीं आहे हें ध्यानांत ठेवावें. त्याच वर्षीं आर्थर स्टील यांचा दख्खनच्या जातींच्या कायद्यांचा व चालींचा संग्रह छापून निघाला (पुनर्मुद्रण १८६८). स्टील यांनीं पुण्यांतील शास्त्र्यांस विचारलें तसें निरनिराळ्या जातींच्या लोकांसही विचारलें. आणि पाट, सोडचिठ्ठी या गोष्टी ब्राह्मणांत निषिद्ध पण इतर अनेक जातींत रूढ, असें त्यांस आढळलें. अडाणी म्हणून ज्यांस कोणी विचारीत नव्हतें त्यांचें म्हणणें येथें प्रथमच छापून निघालें. आज आम्हांस या विषयाचें जें थोडें ज्ञान आहे त्यांतील बराच भाग या पुस्तकाचा आहे, हें कृतज्ञतेनें सांगितलें पाहिजे.

मग अडचण कोठून आली ? आमच्या मतें ती दिवाणी कायद्यांतून आली नाहीं, फौजदारी कायद्यांतून आली. हिंदी दंडसंहिता १८६० सालीं होऊन १८६२ च्या आरंभापासून अंमलांत आली. तिच्या ४९४ व्या कलमानें नवरा हयात असतां दुसरें लग्न करणाऱ्या स्त्रीस सात वर्षेंपर्यंत कैद ठेवली. (पुरुषास हें कलम त्या काळीं जवळजवळ लागूच नव्हतें, कारण त्याचें दुसरें लग्न कायदेशीरच होतें.) आतां पाट लावलेल्या स्त्रीचा पहिला नवरा फिर्याद करूं लागला. तिची पहिली गांठ खरोखर सुटली होती कीं नाहीं, हा प्रश्न पंचांच्या ओट्यावरून हायकोर्टांत गेला.

१८६४ सालीं गुजरातेंतील तळपदा कोळी जातीचें प्रकरण निघालें. नवऱ्याच्या संमतीवांचून बायकोनें त्यास सोडून नातरें करावें, अशी त्या जातीची चाल असल्याचें सांगण्यांत आलें. कोर्टानें ती चाल अनीतीची म्हणून मानली नाहीं. १८७६ सालीं राणी सरकार विरुद्ध शंभू रघू या प्रसिद्ध मुकदम्यांत त्याहून पुढचें पाऊल पडलें. जातीस लग्न रद्द ठरविण्याचा किंवा स्त्रीस पुनः लग्न करण्याची परवानगी देण्याचा अधिकार कोर्ट मानणार नाहीं. आणि जातीनें परवानगी दिली म्हणून आपलें लग्न खरें आहे अशी आरोपीची प्रामाणिक समजूत असली तरी तो बचाव होत नाहीं, असा निर्णय झाला. पुढें १९१५ सालीं पखाली जातीच्या खटल्यांत, ठराविक रक्कम भरून नवरा किंवा बायको यांपैकीं कोणीही दुसऱ्याच्या इच्छेविरुद्ध लग्न मोडूं शकते ही चालही सार्वजनिक नीतीस विरुद्ध ठरली.

या निकालांचा अर्थ बारकाईनें लावला पाहिजे. दोघांच्या संमतीनें झालेली फारखत वाईट, असें यांपैकीं एकही निकाल म्हणत नाहीं. मद्रासच्या हायकोर्टानें तर १८९४ सालीं परस्परसंमतीनें लग्न मोडण्याची चाल अनीतीची नाहीं, असें स्पष्टच सांगितलें. नापसंत ठरली ती एकतर्फी काडीमोड आणि जातीची सत्ता. वरवर पाहतां हें न्याय्यच दिसतें. दोघांचें लग्न तिसऱ्यानें कां मोडावें? परंतु या खटल्यांतील कैफियतींकडे पाहिलें तर असें दिसतें कीं, मोडूं पाहणारी बहुधा बायको होती आणि अडून बसलेला बहुधा नवरा होता. त्यास दुसरी बायको करण्यास कायद्याची आडकाठी नव्हती, त्यामुळें फारखत देण्याची निकडही नव्हती. पूर्वीं पंच त्यास दटावूं शकत, रक्कम ठरवून देऊं शकत, आणि तो ऐकत नसेल तर त्याच्यावांचून स्त्रीस मोकळी करूं शकत. १८७६ नंतर पंचांच्या शब्दास कोर्टांत किंमत राहिली नाहीं. 'परस्परांची संमति' ही अट व्यवहारांत 'नवऱ्याची संमति' अशी झाली, आणि ज्या वस्तूवांचून दुसऱ्याचें चालत नाहीं तिची किंमत मागितली जाते हें सांगणें नको. फारखत नाहींशी झाली नाहीं. ती महाग झाली.

पंचांची बाजू आम्ही घेतों असें कोणी समजूं नये. जातीचे पंच दंड खात, जेवणें उकळीत, सबळाचे मिंधे होत. बाईमाणसास पंचांच्या बैठकींत बसून बोलतां येत नसे. तिच्या वतीनें बाप किंवा भाऊ बोले, आणि त्याचें हित तिच्या हितापेक्षां निराळें असूं शके. महाराष्ट्रांत सामाजिक बहिष्काराविरुद्ध निराळा कायदा २०१६ सालीं करावा लागला, यावरून जातपंचायतींचा जाच किती चिवट आहे हें दिसतें. परंतु एक अपुरी व्यवस्था मोडतांना तिच्या जागीं दुसरी ठेवली पाहिजे, तें येथें झालें नाहीं. पंचांचा अधिकार गेला; सरकारी कोर्टांत मात्र सामान्य हिंदु स्त्रीस विवाहविच्छेदाचा अर्ज करण्यास दारच नव्हतें. मुसलमानांत उभयतांच्या संमतीची मुबारात शरियतीप्रमाणें चालू राहिली. ख्रिस्त्यांस १८६९ चा कायदा होता, पण त्यांत संमति हें कारण नव्हतें. तें २००१ सालीं आलें.

ही कोंडी किती खरी होती हें रखमाबाईंच्या प्रकरणावरून कळतें. हें प्रकरण बहुतेकांस ठाऊक आहे, पण त्याचा शेवट बहुधा चुकीचा सांगितला जातो. दादाजी भिकाजी यांनीं १८८४ सालीं बायकोस नांदावयास पाठवावें म्हणून दावा लावला. १८८५ सालीं न्यायमूर्ति पिन्ही यांनीं तो काढून टाकला, १८८६ सालीं अपिलांत तो फिरला, आणि १८८७ सालीं न्यायमूर्ति फॅरन यांनीं रखमाबाईंनीं नांदावयास जावें, न गेल्यास सहा महिने कैद, असा हुकूम केला. त्या कैदेस तयार झाल्या, गेल्या नाहींत. अखेर १८८८ सालीं तडजोड झाली : दोन हजार रुपये घेऊन दादाजींनीं हुकुमाची बजावणी सोडली. व्हिक्टोरिया राणीनें लग्न रद्द केलें असें जें वारंवार लिहिलें जातें त्यास आधार नाहीं. लग्न कोणीच रद्द केलें नाहीं. दोघेंही वेगळें राहण्यास कबूल, रक्कम ठरलेली, पैसे दिलेले. फारखतीस लागणारें सर्व कांहीं झालें होतें, फक्त फारखत झाली नव्हती. रखमाबाई सुतार जातीच्या होत्या. त्यांच्या मातुश्रींनीं वैधव्यानंतर डॉ. सखाराम अर्जुन यांच्याशीं पुनर्विवाह केला होता, म्हणजे ज्या समाजांत दुसरा घरोबा चालत होता त्यांतीलच हें घर. पण प्रकरण एकदां हायकोर्टांत गेल्यावर त्या समाजाची सैल रीत उपयोगी पडली नाहीं. रखमाबाई विलायतेस जाऊन डॉक्टर झाल्या, सुरत व राजकोट येथें त्यांनीं आयुष्य वेंचलें. आणि १९०४ सालीं दादाजी वारले तेव्हां त्यांनीं विधवेचा वेष घेतला. तो त्यांनीं कां घेतला याविषयीं अनेक तर्क होतात. आम्ही एवढेंच नमूद करतों कीं, कायद्याच्या दृष्टीनें त्या दिवसापर्यंत त्या दादाजींच्या पत्नी होत्या.

ब्रिटिश मुलुखाबाहेर वारा निराळा होता. पोर्तुगालांत राजसत्ता जाऊन महिनाही झाला नव्हता तोंच, ३ नोव्हेंबर १९१० रोजीं, घटस्फोटाचा कायदा झाला आणि तो गोमंतकांतही लागू झाला. त्यांत परस्परसंमतीचा विच्छेद स्पष्ट शब्दांत होता. लग्नास दोन वर्षें झालेलीं असावीं आणि दोघांचें वय पंचवीस पुरें असावें, एवढ्या अटी होत्या. म्हणजे बांद्याच्या पलीकडील कायद्यास जें १९१० सालीं सुचलें तें अलीकडील हिंदु कायद्यास सुचण्यास आणखी सहासष्ट वर्षें लागलीं. करवीर संस्थानांत शाहू छत्रपतींच्या कारकीर्दीच्या अखेरच्या वर्षांत विवाहविषयक कायदे झाले व त्यांत काडीमोडीचाही विचार झाला. बडोद्यास सयाजीराव महाराजांनीं १९३१ सालीं हिंदूंसाठीं घटस्फोटाचा कायदा केला, तो ब्राह्मणांसुद्धां सर्वांस लागू होता.

मुंबई इलाख्यांत १९४६ सालीं द्विभार्याप्रतिबंधाचा आणि १९४७ सालीं हिंदु घटस्फोटाचा कायदा झाला. दुसऱ्या कायद्यांतील कारणें पाहिलीं तर षंढत्व, वेड, महारोग, चार वर्षें टाकून देणें, सात वर्षें ठावठिकाणा नसणें अशीं तीं आहेत. दोष दाखवा, मग सुटका. दोघेंही निर्दोष असून त्यांचें पटत नाहीं, ही गोष्ट त्या कायद्याच्या कल्पनेंत बसत नव्हती. फारखतींत मात्र नेमकी तीच बसत होती. पटत नाहीं यापलीकडे कारण सांगण्याची तींत गरज नसे, आणि त्यामुळें कोणाची अब्रूही चव्हाट्यावर येत नसे.

हिंदु कोड बिलावरील वादांत १९४९ सालीं डॉ. आंबेडकरांनीं हाच मुद्दा आपल्या पद्धतीनें मांडला. घटस्फोट हिंदु समाजास नवा आहे असें म्हणणाऱ्यांस त्यांनीं विचारलें कीं, शूद्र म्हणून गणलेल्या जातींत तो रूढीनें चालत आला आहे आणि त्या जाति हिंदूंत शेंकडा नव्वद आहेत. मग शेंकडा दहांचा कायदा नव्वदांवर लादावयाचा काय? या प्रश्नास समाधानकारक उत्तर त्या वेळीं मिळालें नाहीं. १९५४ च्या विशेष विवाह कायद्यांत परस्परसंमति आली, पण तो नोंदणी पद्धतीनें लग्न करणाऱ्यांपुरता. १९५५ च्या हिंदु विवाह कायद्यांत ती नव्हती. त्या कायद्याच्या २९ व्या कलमानें मात्र रूढीनें मिळणारा विवाहविच्छेद राखून ठेवला. ज्यांस शास्त्रानें बांधलें होतें त्यांस दोषाचा कायदा, आणि ज्यांची रीत होती त्यांस त्यांची रीत, अशी ती मांडणी होती. कौटिल्याची वांटणी अडीच हजार नव्हे तरी दोन हजार वर्षांच्या आसपास टिकली म्हणावयाची.

१९७६ च्या दुरुस्तीनें ही वांटणी बरीच पुसली गेली. नव्या १३-ब कलमाप्रमाणें दोघांनीं एक वर्ष वेगळें राहिलेलें असावें, एकत्र राहणें अशक्य झालेलें असावें आणि लग्न मोडण्यास दोघें कबूल असावीं. अर्ज दिल्यावर सहा महिन्यांनीं, पण अठरा महिन्यांच्या आंत, दोघांनीं पुनः येऊन तीच गोष्ट सांगावी. मधल्या काळांत एकानें संमति काढून घेतली तर हुकूम होत नाहीं, असें सुप्रीम कोर्टानें १९९१ सालीं ठरविलें. सहा महिने थांबण्याची सक्ति सर्वच प्रसंगीं नाहीं, सर्व देणेंघेणें मिटलें असेल तर कोर्टास ती मुदत माफ करतां येईल, असें त्याच कोर्टानें २०१७ सालीं सांगितलें. दागिना, पोटगी व मुलांचा ताबा मिटला म्हणजे मुदत माफ, ही अट वाचतांना आम्हांस पंचांच्या बैठकीची आठवण झाल्यावांचून राहिली नाहीं. एक फरक मात्र मोठा आहे आणि तो मोकळेपणानें मान्य केला पाहिजे. नव्या पद्धतींत स्त्रीस स्वतः उभें राहून बोलावें लागतें, आणि तें एकदां नव्हे, दोनदां. राजी कोण, या आमच्या आरंभींच्या प्रश्नास कागदावर पहिल्यानेंच दोन नांवांचें उत्तर मिळूं लागलें.

स्वस्ताईचें काय ? १८९९ च्या मुद्रांक कायद्याच्या परिशिष्टांत विवाहविच्छेदाच्या लेखास एक रुपयाचा स्टँप सांगितला होता. विच्छेद लेखानें होऊं शकतो हें सरकारास मान्य असल्याचा हा पुरावा, आणि सामान्य माणसास परवडेल अशी ती रक्कम होती. विशेष असें कीं, त्या कलमांतील भाषा 'आपलें लग्न मोडणारा मनुष्य' अशी एकवचनी आहे. दोघांनीं मिळून मोडण्याची कल्पना तेथेंही नाहीं. आज स्टँपाचा खर्च गौण असून वकिलाचा व हेलपाट्यांचा खर्च मुख्य आहे. १९८४ च्या कौटुंबिक न्यायालयांच्या कायद्यानें वकील देण्याचा हक्क म्हणून नाहीं, असें ठरविलें, त्यांत खर्च वांचविण्याचाही हेतु असावा. प्रत्यक्षांत लोक वकिलावांचून क्वचितच जातात.

म्हणूनच स्टँपपेपरावरची जुनी फारखत अजून मरत नाहीं. नवराबायको नोटरीपुढें जातात, कागद करतात आणि आपण मोकळीं झालों असें समजतात. रूढि सिद्ध झाली नाहीं तर तो कागद कोर्टांत उभा राहत नाहीं, आणि मग दुसऱ्या लग्नाची स्त्री अधांतरीं लोंबते. सुप्रीम कोर्टानें २००२ सालीं अशाच एका लेखाच्या प्रकरणांत सांगितलें कीं, रूढीचा विच्छेद हा सामान्य कायद्यास अपवाद आहे, आणि जो त्यावर विसंबतो त्यानें ती रूढि आपल्या जातींत आहे असें प्रतिपादून पुराव्यानें शाबीत केलें पाहिजे. तो पुरावा कोठून यावयाचा ? साक्षीदारांच्या तोंडी आठवणी एकदोन पिढ्यांपलीकडे जात नाहींत. स्टील यांच्या संग्रहांत प्रत्येक जात नाहीं, आणि ज्या आहेत त्यांची हकीकत बहुधा दोनचार ओळींची आहे.

जुन्या फारखती मात्र गांवोगांव आहेत. पाटलांच्या व कुळकर्ण्यांच्या दप्तरांत, जातीच्या मेहेत्र्यांच्या घरीं, जमिनीच्या कागदांच्या गठ्ठ्यांत त्या सांपडतात आणि निरुपयोगी म्हणून टाकल्या जातात. वतनाचा कागद जपतात, बायको सोडल्याचा जपत नाहींत, उलट लपवितात. ज्यांच्या संग्रहीं असे लेख असतील त्यांनीं त्यांच्या नकला त्रैमासिकाकडे पाठवाव्या अशी आमची विनंति आहे. पक्षकारांचीं नांवें प्रसिद्ध केलीं जाणार नाहींत. नक्कल करतांना केवळ मायना न उतरतां परत दिलेल्या रकमेचा आंकडा, मुलांविषयींचें कलम आणि सर्व साक्षीदारांचीं गांवें व नातीं अवश्य उतरावीं, आणि कागदावर बायकोची निशाणी असल्यास ती कशाची आहे, बांगडीची कीं अंगठ्याची, हेंही लिहावें.